हुकला तर आणखी एक

आमच्या कॉलेजच्या पोरांना चेंडू का मारता येत नाही, यावर त्या वसंतात केंटकीच्या डोंगरातल्या टॅकेट फोर्क गावात जेवढी तोंडं तेवढी मतं होती. वेल्माच्या खानावळीत सकाळी सहाला कॉफी प्यायला बसणारा प्रत्येक जण बेसबॉलचा पंडित. पेट्रोलपंपवाला क्लाइड म्हणायचा, बॅटाच खराब आहेत. न्हावी म्हणायचा, पोरांचे केस डोळ्यांवर येतात. त्याला दुसरं काय दिसणार म्हणा! पाद्रीबुवांच्या मते पोरं शनिवारी रात्री जिथे जातात तिथेच रोगाचं मूळ होतं. आणि वेल्मा, जिनं आयुष्यात एक सामना धड शेवटपर्यंत बघितला नव्हता, ती मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता निकाल द्यायची, "मैदानच वाकडं आहे मेलं! चार वाजले की डोंगराची सावली पडते चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मागे. चेंडू दिसणार कसा पोरांना?"

"मग पाहुण्यांच्या पोरांना कसा दिसतो?" एल्डन क्रॅबट्री विचारायचा.

"त्यांचे डोळे ओहायोचे आहेत, बाबा. सपाट मुलखातले."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण ते अंगण एल्डनच्या हातचं होतं, म्हणून त्याला लागायचं. कॉलेजच्या मैदानाचं गवत तोच कापायचा, चुन्याच्या रेघा तोच मारायचा, पिचरचा मातीचा उंचवटा तोच रोज ओला करून दाबायचा. आणि रोज दुपारी तीन वाजता कंबरेचा पंचा खुर्चीवर टाकून, जाळीच्या पिंजऱ्यात उभा राहून, तोच पोरांना सरावाचे चेंडू टाकायचा. पोरं त्याला पॅपॉ म्हणायची. आमच्या खोऱ्यात आजोबाला पॅपॉच म्हणतात. त्याची एकुलती मुलगी ओहायोत डेटनला गेली ती तिथलीच झाली, तेव्हा पॅपॉ म्हणणारं घरचं कुणी नव्हतं. ती कसर कॉलेजच्या पोरांनी भरून काढली होती.

एकवीस सामन्यांत सतरा वेळा हार झाली होती. पिचर बिचारे जीव तोडून टाकायचे, पण धावाच होत नव्हत्या. सात सामन्यांत मिळून अकरा धावा! प्राचार्यांनी कोच डॅरिल कॉम्ब्सला बोलावून सरळ सांगितलं होतं, मोसम संपेपर्यंत बघतो, मग दुसरा माणूस. ही गोष्ट दुपारपर्यंत वेल्माकडे पोचली आणि संध्याकाळपर्यंत चर्चमध्ये.

एल्डनचं स्वतःचं मतही होतंच. "पोरांना सराव कमी पडतोय," तो म्हणायचा. "डॅरिल, मला अजून एक तास दे. मी टाकतो ना! हात आहे माझा."

डॅरिलनं एक तास दिला. मग दीड दिला. पोरं पिंजऱ्यात अशी काही मारायची की ऐकत राहावं. टिंग, टिंग, टिंग, जाळीवर चेंडूमागून चेंडू. आणि शनिवारी सामन्यात? शुकशुकाट.

आता हा एल्डन कोण, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तो अठरा वर्षांचा होता तेव्हा आमच्या खोऱ्यात प्रत्येक कोळसा खाणीच्या वस्तीचा आपला एक संघ असायचा, आणि रविवारी चर्च सुटलं की सगळं गाव मैदानावर. एल्डन पिचर होता. त्याचा चेंडू बघितलेली दोन-तीन म्हातारी अजून आहेत, त्यांना विचारा. म्हणतात, सरळ यायचा आणि शेवटच्या हातभर अंतरात कुणीतरी खालून ओढल्यासारखा खाली जायचा. सत्तेचाळीस साली सिनसिनाटीच्या व्यावसायिक संघाचा माणूस येऊन बघून गेला, आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं: एप्रिलमध्ये चाचणीला ये. पत्र आलं मार्चच्या दहा तारखेला. बावीस तारखेला खाणीचं छत बसलं आणि त्याच्या बापाचा पाय त्याखाली गेला. सात भावंडांत एल्डन थोरला. बापाचा दिवा त्यानं स्वतःच्या टोपीला लावला आणि सोमवारी आत गेला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. पुढचं वर्ष एकवीस वर्षांनी उजाडलं, अडुसष्ट साली, खाण बंद पडली तेव्हा.

त्या हिवाळ्यात एल्डन घराच्या पुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायचा आणि बोलायचा नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार महिने. त्याची बायको ओपल कॉफी आणून ठेवायची आणि थंड झालेली उचलून न्यायची. समोर डोंगर, मागे डोंगर, मध्ये तो. शेवटी ओपलनंच कॉलेजात जाऊन कुणाचे पाय धरले कोण जाणे, पण मैदानाची देखरेख त्याला मिळाली. आणि त्याच वसंतात सरावाचं चेंडू फेकणारं यंत्र बिघडलं. म्हातारा कोच वैतागून शिव्या घालत होता, तर हा फावडं ठेवून म्हणाला, "मी टाकू का जरा?"

तिथून त्याचं आयुष्य परत सुरू झालं म्हणा ना!

सरावाचा चेंडू टाकणं म्हणजे काय, तर फलंदाजाला बाद करायचं नाही, त्याला मारायला द्यायचं. हे कुणालाही जमेल असं वाटतं, पण जमत नाही. एल्डनला मात्र त्यात दैवी हात होता. कुठल्या पोराची बॅट कुठून जाते, हे त्याला दोन दिवसांत कळायचं. वेंडेल स्लोनला गुडघ्याच्या जरा वर, आतल्या अंगाला. धिप्पाड हॉबर्टला छातीशी, बाहेर. पोरानं फक्त बॅट घुमवायची, चेंडू आपण होऊन वाटेत येऊन उभा राहायचा. अन् वर त्याचा एक नेम होता. कुणाही पोरानं पिंजऱ्यातून हुकून बाहेर पडायचं नाही. शेवटचा चेंडू हुकला, की पोरगा एल्डनकडे बघून हळूच मान हलवायचा, एल्डनही मान हलवायचा आणि म्हणायचा, "आणखी एक." तोही हुकला तर आणखी एक. टिंग आवाज घुमेपर्यंत. मगच पोरानं बाहेर यायचं, त्याच्या खांद्यावर थाप मारायची, "थँक्यू, पॅपॉ."

म्हाताऱ्या कोचच्या काळात हे सगळं शेवटच्या दहा मिनिटांपुरतं होतं. आधी दीड तास पोरं एकमेकांच्या पिचरांशी झुंजायची, हुकायची, चिडायची, मग एल्डनचा गोड घास. डॅरिल कॉम्ब्स हा त्याच काळातला पोरगा. वर्षभर त्याच्या बॅटला चेंडू लागेना, तो कॉलेज सोडून पलीकडच्या खोऱ्यातल्या खाणीत निघाला होता. एल्डननं तीन आठवडे त्याला रोज एकट्याला चेंडू टाकले आणि राखला. पुढे तोच डॅरिल कोच झाला, आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजपासून सगळा सराव पॅपॉ घेणार." प्रेमापोटीच केलं त्यानं. गोड घासाचं जेवणच करून टाकलं.

आता त्या शनिवारचं सांगतो. एप्रिल होता, डोंगरावर जांभळी झाडं फुलली होती. नदीपलीकडच्या कॉलेजचा संघ आला होता. त्यांचा पिचर म्हणजे अगदीच काडी, डावखुरा, चेंडूला ना वेग ना वळण. क्लाइड म्हणाला, "याला तर माझी सासूसुद्धा मारील." एल्डन आपला नेहमीसारखा पहिल्या बेसच्या बाजूला उलट्या बादलीवर बसला होता.

वेंडेल आला. पहिला चेंडू, बॅट घुमवली, हुकला. आणि मग एल्डननं बघितलं. वेंडेल सरळ उभा राहिला, खांदे सैल सोडले, आणि समोरच्या पिचरकडे बघून त्यानं हळूच मान हलवली.

तो काडीपैलवान जरा गोंधळला. मग त्यानंही सभ्यपणे मान हलवली आणि चेंडू टाकला. वेंडेल अजून खांदे वर घ्यायचाच होता. दुसरा स्ट्राइक, म्हणजे दुसरी संधी गेली; तिसरी गेली की बाद. तिसऱ्याला त्यानं झणकन बॅट घुमवली, गुडघ्याच्या जरा वर, आतल्या अंगाला. चेंडू होता हातभर लांब. बाद.

एल्डन बादलीवर पुढे सरकला. असेल, एखाद्याची सवय असेल, असं त्यानं मनाला बजावलं. पुढचा हॉबर्ट. हुकला, आणि त्या एवढ्या मोठ्या गड्यानं लहान लेकरासारखी मान हलवली. त्याच्यामागचा हुकला, त्यानंही. तोपर्यंत त्या पिचरला गंमत वाटायला लागली होती. तो आता प्रत्येकाला वाकून मान हलवत होता आणि त्यांच्या बाकावरची पोरं गडाबडा लोळत होती. आमच्या लोकांना वाटलं, उद्धट आहे कार्टं. क्लाइडनं शिवीही दिली. खरं काय चाललंय, ते फक्त बादलीवरच्या माणसाला कळलं, कारण पिंजऱ्यात रोज ती मान त्याच्यासाठीच हलायची. नऊच्या नऊ पोरं वैऱ्यासमोर उभी राहून 'आणखी एक' मागत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॅटा तपासल्या, डोळे तपासले, मैदानाला शिव्या घातल्या, आणि रोग एल्डनच्या खांद्यातून रोज दीड तास वाहत होता.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. ओपल गेली सोळा वर्षं घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची वही ठेवायची, चेंडूगणिक पेन्सिलीनं खूण. तिच्याइतका खेळ त्या खोऱ्यात कुणाला कळत नव्हता, पण बाईमाणसाला विचारतो कोण?

"वही दे बघू तुझी," तो म्हणाला.

"जेव आधी. बीन्स थंड होतायत."

"ओपल, वही."

"मक्याचा पाव आत्ता काढलाय. लोणी लाव." तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

त्यानं स्वतः उठून खुर्चीवरची वही घेतली. पानं उलटली. पहिला चेंडू बॅटला लागला तर पोरं ठीक होती. पण जिथे जिथे एक हुकला होता, तिथे पुढे सगळं पान बादच्या खुणांनी भरलेलं. या वर्षी तेच, गेल्या वर्षी तेच, त्याच्या आधीच्या वर्षी थोडं कमी.

"एकदा हुकले की संपले," तो म्हणाला.

"पोरं आहेत. शिकतील."

"कुणाकडून शिकतील?"

ओपल भांडी विसळायला लागली. जेवायच्या आधीच.

त्यानं ठरवलं, सोमवारपासून वाकडे चेंडू टाकायचे. कुणालाच काही सांगायला नको, आपणच बिघडवलं, आपणच नीट करायचं. सोमवारी वेंडेल पिंजऱ्यात आला, आणि एल्डननं एकोणचाळीस वर्षं न टाकलेला तो जुना चेंडू काढला, शेवटी खाली पडणारा. वेंडेल हुकला. परत टाकला, परत हुकला. दहा चेंडूंत आठ. पोराचा चेहरा असा झाला, जणू भर सभेत बापानं कानफटात मारली. त्यानं मान हलवली.

नाही म्हण, एल्डननं स्वतःला सांगितलं. नाही म्हण, बाहेर जा म्हण.

"आणखी एक," तो म्हणाला. आणि गुडघ्याच्या जरा वर, आतल्या अंगाला, लोण्यासारखा चेंडू टाकला. टिंग!

त्याला नाही जमलं. हॉबर्टच्या वेळी नाही जमलं, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पोरगा केविलवाणा झाला की हात आपोआप तिकडेच जायचा. आणि पोरं तरी काय शहाणी! त्यांना वाटलं म्हातारा आजारी आहे.

"पॅपॉ, तब्येत बरी आहे ना तुमची?" वेंडेलनं विचारलं. "आज चेंडू जरा इकडेतिकडे पडतायत."

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, आपलं विचारलं. आमचे पॅपॉ असेच करायला लागले होते, मग कळलं साखर वाढलीय." गुरुवारी हॉबर्टनं खांद्याला चोळायचं तेल आणलं, आणि त्याच्या आईनं भांडंभर चिकन अन् त्या रश्शात शिजवलेले कणकेचे गोळे पाठवले. एल्डननं एक घास खाल्ला आणि भांडं बाजूला सारलं. एवढी माया करणारी पोरं, आणि आपण त्यांना आपल्या हातानं आंधळं करतोय.

इकडे आड, तिकडे विहीर. टाकत राहावं तर पोरं हरणार आणि डॅरिलची नोकरी जाणार. सांगावं, तर दुपारी तीन वाजता काय करायचं? ओसरीतली ती खुर्ची अजून तिथेच होती. त्याला त्या खुर्चीची भीती वाटायची, खाणीचीही कधी वाटली नव्हती एवढी. हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सराव संपल्यावर तो डॅरिलच्या खोलीत गेला. खोली कसली, सामान ठेवायची अडगळ. डॅरिल बॅटा मोजत होता.

"डॅरिल, पोरं का मारत नाहीत ते मला कळलंय."

"क्लाइडचं आजचं मत ऐकलं मी. टोप्या घट्ट आहेत म्हणे."

"माझ्यामुळे मारत नाहीत."

डॅरिलनं बॅट खाली ठेवली. "काहीतरीच काय, पॅपॉ!" हे तो म्हणाला खरा, पण फार पटकन म्हणाला.

"ऐकून घे. हुकल्यावर मान हलवतात ती. सामन्यात. आणखी एकाची वाट बघतात. मी शिकवलंय त्यांना ते. मी त्यांना कधी हुकूच दिलं नाही रे, मग हुकल्यावर काय करायचं ते कळणार कसं? आणि तू काय बोलत नाहीस? दगड आहेस का?"

डॅरिल खाली बघत होता. चाळिशीला आलेला माणूस, पण कान पोरासारखे लाल झाले होते.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"हेच. दोन वर्षं झाली. मीही हलवायचो मान, पॅपॉ. मला नाही ओळखू येणार?"

एल्डनला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग तो उलट्या खोक्यावर बसला.

"दोन वर्षं? आणि मी एक तास मागितला की तू दीड तास देत होतास?"

"कसं सांगणार होतो? तुम्हीच सांगा कसं सांगायचं ते. गेल्या पानगळीत आलो होतो तुमच्याकडे. ठरवून आलो होतो. ओसरीत उभा होतो. ओपलकाकूनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं अन् सगळं ओळखलं. म्हणाली, डॅरिल, तेवढं काढून घेऊ नकोस त्याच्याकडून. चार महिने तो या खुर्चीत होता, मी परत नाही बघू शकत. मग मला गरम अ‍ॅपल पाय वाढला. मी खाल्ला आणि गेलो घरी."

"अ‍ॅपल पाय खाल्लास आणि गेलास."

"हो."

"माझ्यापायी नोकरी घालवायला निघालास, गाढवा?"

"तुमच्यापायीच तर मिळाली होती."

एल्डनला राग आला, असा राग की बॅट उचलून भिंतीवर घालावी. आणि त्या रागातच त्याला स्वच्छ दिसलं. तो पोरांशी जे करत होता, तेच ही दोघं त्याच्याशी करत होती. त्याचा चेंडू दोन वर्षं हुकत होता, आणि ही माणसं गालातल्या गालात न हसता, मायेनं, रोज म्हणत होती, टाका पॅपॉ, आणखी एक.

"मग आता तरी सांग," तो म्हणाला. "तोंडावर सांग. एल्डन, उद्यापासून येऊ नकोस, असं म्हण."

डॅरिलनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. डोळे भरून आले त्याचे. "नाही म्हणवत," तो म्हणाला. "मारा मला वाटलं तर."

"मग मीच म्हणतो." एल्डन उठला. "उद्यापासून मी येत नाही."

घरी ओपल कपडे वाळत घालत होती. त्यानं कुंपणापासूनच विचारलं, "डॅरिलला तू गप्प केलंस?"

तिनं तोंडातला चिमटा काढला. "केलं."

"माझं हसं करून ठेवलंस सगळ्यांपुढं."

"कुणी हसलं नाही. आणि हसले असते तरी मला चाललं असतं. तू बोलत होतास, जेवत होतास, गाणं म्हणत होतास सकाळी दाढी करताना. त्या पोरांनी शंभर सामने हरावेत, माझं काय जातं? मला माझा माणूस ओसरीत मेलेला नको होता." आणि मग ओली चादर तशीच हातात धरून ती रडली. एल्डननं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती तारेवर टाकली. त्याला तिच्यावर रागावता येईना आणि तिला माफही करता येईना, असा तो तिथे उभा राहिला.

शनिवारी डॅरिलनं पोरांना सांगितलं, पॅपॉचा खांदा गेलाय. अजूनही त्याच्यानं खरं बोलवलं नाहीच. झालं, आता एल्डन त्या थापेत अडकला! पोरं दिसली की गवत कापायचं यंत्र डाव्या हातानं ओढायचं, बादली डाव्या हातानं उचलायची. वेल्मानं त्याच्या कपात दूध स्वतः ढवळून द्यायला सुरुवात केली. धडधाकट हात घेऊन लुळ्यासारखं जगायचं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पिंजऱ्यात आता पोरांचेच पिचर पोरांना टाकू लागले. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. हुकले, चिडले, बॅटा आपटल्या. मान हलवली तर समोरचा म्हणायचा, "मुंडी काय हलवतोस बैलासारखी? चल नीघ, पुढचा ये!" एल्डन कुंपणाशी गवत खुरपत होता आणि तोंड फिरवून खुरपत होता. पुढचे तीन सामने मार खाल्ला. मग एका मंगळवारच्या सामन्यात वेंडेल दोन चेंडू हुकल्यावर दात खाऊन उभा राहिला, पाच चेंडू नुसते बॅटनं बाजूला ढकलले, आणि सहावा डोंगराच्या सावलीत भिरकावून दिला. शेवटच्या पाचांपैकी तीन सामने जिंकले.

पण प्राचार्यांचं आधीच ठरलं होतं. जूनमध्ये डॅरिलनं गाडीत सामान भरलं. टेनेसीत एका शाळेवर शिकवायला जागा मिळाली होती त्याला. निघताना मैदानावर आला.

"तुम्ही जरा लवकर विचारायला हवं होतं, पॅपॉ," तो म्हणाला.

"तू जरा लवकर सांगायला हवं होतंस."

दोघांचंही खरं होतं. डॅरिल गाडीत बसला. गाडी खिंडीतून वर गेली, आणि एल्डन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. त्या खिंडीतून त्याला ओळखणारे किती जण गेले, आणि तो एकदाही नाही.

सप्टेंबरात नवा कोच आला. ग्रेग लिंडनर नाव, ओहायोचा, तिशीतला, गळ्यात शिट्टी. वेल्माच्या खानावळीत एव्हाना ठरलं होतं, की शेवटच्या सामन्यांत नव्या बॅटांनी चमत्कार केला. नव्या बॅटा कधी आल्या, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. एल्डन ऐकून घ्यायचा.

एका दुपारी तीन वाजता हा लिंडनर मैदान ओलांडून त्याच्याकडे आला. मागे दहा पावलांवर वेंडेल आणि हॉबर्ट, तोंडभर हसू घेऊन.

"तुम्हीच क्रॅबट्री ना? पोरं काय काय सांगतायत तुमच्याबद्दल! म्हणतात, तुमच्यासारखा सरावाचा चेंडू टाकणारा अख्ख्या केंटकीत नाही. खांदा बरा झाला का आता?"

"तसाच आहे."

"आपल्याकडे हाडाचा डॉक्टर येतो दर गुरुवारी. त्याला दाखवू. बरं, ते सोडा. जोर लावायची गरजच नाही. रोजची दहा मिनिटं. शेवटी शेवटी जरा पोरांची बॅट मोकळी करायला. बसूनसुद्धा टाका, खुर्ची देतो." आणि त्यानं खिशातला चेंडू काढून एल्डनच्या हातात ठेवला.

उजव्या हातात ठेवला. बोटं शिवणीवर आपोआप बसली. दहा मिनिटं! दहा मिनिटं तर म्हाताऱ्या कोचच्या काळातही होतीच, आणि तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एल्डनला सगळं आठवलं, तो टिंग आवाज, खांद्यावरची थाप. पण दहाची पंधरा व्हायला किती दिवस लागतील? पंधराचा तास व्हायला? हा कोच भला दिसतोय. वर्षभरात यालाही मला 'नाही' म्हणवणार नाही. खांदा दुखतो म्हटलं तर हा डॉक्टर आणेल, वय झालं म्हटलं तर खुर्ची. दार बंद करायचं तर एकच बोल उरला होता, आणि तो त्याच्या जिभेवर येईना. वर वेंडेल ऐकत उभा.

"पोरांनी कुणाचं तरी नाव सांगितलंय तुम्हाला," एल्डन म्हणाला. "मला चेंडू टाकता येत नाही."

"म्हणजे? आता दुखतं म्हणून?"

"नाही. येतच नाही. कधीच येत नव्हता."

वेंडेलचं हसू पुसलं गेलं. तो काहीतरी बोलायला पुढे आला, आणि एल्डननं त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा जागीच थांबला.

लिंडनरनं एकदा पोरांकडे बघितलं, एकदा त्या गवताळ बुटांच्या म्हाताऱ्याकडे. पोरांनी आपली फिरकी घेतली असं वाटलं असावं त्याला. त्यानं हात पुढे केला, आणि एल्डननं चेंडू त्याच्या तळव्यावर ठेवला.

"बरं झालं विचारलं," लिंडनर म्हणाला. "आणि हे बघा, तिसऱ्या बेसच्या मागे गवत फार वाढलंय. तेवढं उद्या बघून घ्या."

"बघतो," एल्डन म्हणाला.